कानाडोळा

पाषाणला, तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत
आम्ही नजर मोजतो.
अट एकच, फोनवर आधी सांगितलेली:
काजळ लावून येऊ नका.
कॅमेऱ्याला काजळाची रेघही बाहुली वाटते,
मग तो पापणीच्या काठाकाठाने भटकत बसतो.

शालन ओव्हाळ तरी लावून आल्या.
वय एकसष्ट. स्वारगेट डेपो, सत्तावीस वर्षं कंडक्टर.
ओला कापूस हातात धरून म्हणाल्या,
"नजर लागू नये म्हणून आईनं लावायला शिकवलं,
नजर मोजायची म्हणून तुम्ही पुसायला लावता."
पुसलं मात्र नीट,
पदराच्या टोकानं कोपरेसुद्धा.

हनुवटी खोबणीत. कपाळ पट्टीला.
माझ्या पडद्यावर त्यांचा एकच डोळा, ताटाएवढा,
बुबुळाभोवती वयाची निळसर किनार.
नऊ ठिपके, एकामागून एक.
डोळा ठिपक्यामागे जातो, थांबतो, थरथरतो.
थांबलेला डोळा पुरता थांबत नाहीच कधी,
स्टॉपवर उभी बस कशी
जागच्या जागी हलत असते.

मग मधोमध अधिकचं चिन्ह.
"इथून हलायचं नाही. अक्षर बाजूला येईल,
पापणी लवते न लवते तोच जाईल.
त्याच्याकडे बघायचं नाही, पण कोणतं ते सांगायचं."
"म्हणजे कानाडोळा करायचा,
पण लक्ष ठेवून."
चार वर्षांत मला हे इतकं नेमकं
एकदाही लिहिता आलं नव्हतं.

एकटा ध आला. "ध."
एकटा घ. "घ. ह्याचं डोकं झाकलंय."
मग तिघं आली दाटीवाटीनं, भ घ म,
आणि त्या अडल्या.
"मधे कोणीतरी आहे. पण कोण, नाही कळत."
जरा वेळानं, स्वतःशीच:
"चला, पुढे सरका, पुढे सरका."

ह्याला आमच्याकडे नाव आहे, आलेख आहे.
कडेच्या नजरेला गर्दीतला चेहरा वाचता येत नाही,
हालचाल मात्र तिच्यातून सुटत नाही.
त्यांच्याकडे आलेख नव्हता.
मान खाली, चिमट्यानं तिकिटाला भोक,
आणि तिकडे मागच्या दाराशी
एक खांदा, जरा जास्तच निवांत.
"तोंड कशाला बघायचं हो?
बिनतिकीट माणूस खांद्यात कळतो."

एकशे बारावी फेरी.
डोळा अधिकवरून सुटला.
डावीकडे, खूप डावीकडे,
जिथं अक्षर नव्हतं. पडदाच संपला होता तिथं.
यंत्र टुक्क वाजलं. फेरी बाद.

"काय दिसलं?"
हनुवटी न उचलता, दातांतल्या दातांत:
"तुम्ही फोन उलटा ठेवलात.
तिसऱ्यांदा."

टेबलाच्या त्या टोकाला अंधार असतो.
आणि मी आवाज न करता ठेवला होता,
गेला महिनाभर घरी ठेवते तसा,
जिथं जेवताना आम्ही दोघं
समोरासमोर बसतो.

नोंदवहीत लिहिलं: नजर विचलित.
कोणाची, असा रकाना नाही.

उरलेल्या अठ्ठावीस फेऱ्या त्यांनी
चिन्हावरून केसभर न ढळता पुऱ्या केल्या.
बंद पडद्याच्या काळ्या काचेत बघून
काजळ पुन्हा घातलं.
तीनशे रुपये मोजले बोटांनीच, डोळे माझ्यावर ठेवून.
मी वाट बघत होते विचारतील म्हणून.
तिकीट विचारलं नाही त्यांनी.
"येते," म्हणाल्या, आणि जिना चढल्या.

कॅमेरा चालूच राहिला होता.
रिकाम्या खुर्चीत, खोबणीच्या वर,
तो शोधत होता. पडद्यावर लाल अक्षरं:
डोळा सापडत नाही.
फोनच्या कडेनं उजेडाची बारीक रेघ आली,
विझली, पुन्हा आली.
मी अधिकच्या चिन्हाकडे
बघत राहिले.